बाईंच्या टेबलावरून : साखळी कुठे तुटते?



जून महिना आला. नवा वर्ग, नवे बाक, नव्या पुस्तकांचा वास. मधल्या सुट्टीत काय खेळता? आमच्या शाळेत गेल्या वर्षी साखळीचा भारी जोर होता. खेळ तुम्हाला माहीतच आहे. एकावर राज्य येते. तो ज्याला शिवेल त्याने त्याचा हात धरायचा. मग दोघांनी मिळून तिसऱ्याला शिवायचे, तिघांनी चौथ्याला. साखळी लांबत जाते आणि शेवटचा गडी सापडला की डाव संपतो. नियम एकच, हात सोडायचा नाही. साखळी तुटलेली असताना कोणाला शिवले तर ते धरत नाहीत.

वह्या तपासता तपासता मी खिडकीतून हा खेळ पाहत असे. जुलैमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चौथीची साखळी रोज तुटायची, आणि रोज एकाच जागी तुटायची. एक मुलगी साखळीत आली की तिच्या डाव्या-उजव्या बाजूची मुले हात धरल्यासारखे करायची, पण धरायची नाहीत. मध्ये चार बोटांची फट राहायची. मग आरडाओरडा व्हायचा, "तुटली, तुटली! हिच्यामुळे तुटली!"

त्या मुलीच्या डाव्या हाताच्या बोटांवर, उजव्या कोपरावर आणि ओठाच्या कडेला पांढरे डाग आहेत. कोड म्हणतात ना, ते.

तिचे नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारले होते. ती म्हणाली, "लिहा बाई, पण नाव नका टाकू. आणि खरं खरं लिहा." खरे लिहायचे म्हणजे माझी चूकही लिहावी लागणार. चला, तीही लिहिते.

आमची शाळा छत्रपती संभाजीनगर शहराच्या कडेला आहे. पत्र्याच्या दोन खोल्या उन्हात तापल्या की आत बसवत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळी मुले वहीने वारा घेत बसतात. ही मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही मनगटापर्यंत गुंडी लावलेला. "अगं, बाह्या दुमडून घे की," असे मी एकदा म्हटले. तिने मान हलवली आणि दुमडल्या नाहीत. खिचडीच्या वेळी ती ताट घेऊन खांबाजवळ बसायची. रांगेत तिच्यामागे कोणी लागत नसे, म्हणून ती आपणहून शेवटी लागायची. कोणी तिला मारत नव्हते, शिव्या देत नव्हते. त्यामुळे माझ्याकडे कधी तक्रार आली नाही. आणि तक्रार आली नाही म्हणून मीही गप्प राहिले.

डिसेंबरात स्नेहसंमेलन आले. कोळीनृत्य बसवायचे होते. बारा मुली हव्या होत्या आणि वर्गात मुली तेराच. आता सांगा, तेरावी कोण राहिली असेल? बरोबर. मी तिला पडद्याची दोरी ओढायचे काम दिले. मनात म्हटले, स्टेजवर दिवे असतात, समोर सगळा गाव बसलेला असतो, कोणी काही बोलले तर लेकराला वाईट वाटेल. मी तिला जपते आहे असे मला वाटत होते. तिने दोरी अगदी वेळेवर ओढली. एकदाही चुकली नाही. नाचणाऱ्या मुली पाऊल चुकल्या की ती पडद्याआडून हाताने खुणा करून सांगायची. तिला सगळा नाच पाठ होता.

त्या रात्री घरी मला माझी आत्या आठवली.

माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिलाही तरुणपणापासून कोड आहे. आमच्या घरात तिच्यावर सगळ्यांची माया. तिला कोणी कधी वाईट बोलले नाही. पण लग्नकार्यात ती नेहमी आत. लाडू वळायला आत्या, पुऱ्या लाटायला आत्या, लहान पोरे सांभाळायला आत्या. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम आहे. त्यात वऱ्हाडातले ओळखीचे-अनोळखी सगळे आहेत, आत्या एकाही फोटोत नाही. तिला कोणी "येऊ नकोस" म्हटले नव्हते. फक्त दर वेळी तिला आतले काम दिले होते. आणि मी शिकलेली, डी.एड. झालेली बाई, मी माझ्या वर्गातल्या मुलीला काय दिले? आतलेच काम.

दुसऱ्याच आठवड्यात शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा एका डागावर हलकेच टेकवला. "कळतंय का गं?" "हो." दुसऱ्या डागावर, "आता?" "हो, गुदगुल्या होतात." डॉक्टर हसले. चिठ्ठी लिहून दिली, घाटीतल्या त्वचारोग विभागात दाखवा म्हणाले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, घाटी म्हणजे आमच्या शहरातले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

तिच्या आईबरोबर मीही गेले. आई वाटेत म्हणाली, "बाई, हिच्या आजीनं दूध बंद केलंय. म्हणे दूध अन् मासे एका दिवशी खाल्ले म्हणून झालं. आमच्याकडं तर मासे वर्षातून एकदा. मी खूप आठवून पाहिलं, कधी खाल्ले असतील?" बिचारी तीन वर्षे ते एक जेवण आठवत होती. स्वतःचीच चूक शोधत होती.

तिथे जे समजले ते आता तुम्हाला सांगते. नीट वाचा हं, कारण पुढे यावरच अभ्यास आहे.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात. काळा माणूस असो, गोरा असो, या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. कमीजास्त असतो तो त्यांनी बनवलेला रंग. आता, आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. कधी कधी या फौजेची गफलत होते आणि ती आपल्याच रंगपेशींना शत्रू समजून मारते. जिथल्या पेशी गेल्या, तिथला रंग गेला. झाला पांढरा डाग. याला डॉक्टरी भाषेत व्हिटिलिगो म्हणतात. जगात शंभर माणसांत साधारण एकाला तो असतो. त्यातल्या निम्म्या लोकांना तो वीस वर्षांच्या आत सुरू होतो. म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयातच, बरं का!

तो कशाने होत नाही, तेही ऐका. दूध-माशांनी होत नाही. पापाने होत नाही. ग्रहणाने होत नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकमेकांचा टॉवेल वापरल्याने तर मुळीच होत नाही. त्यात जंतूच नाही, तर पसरणार काय?

मग डॉक्टरांनी कापूस का लावला? तर कुष्ठरोगाच्या डागावर बहुधा स्पर्श कळत नाही आणि कोडाच्या डागावर कळतो. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. पण जुन्या भाषेत कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणत. एका शब्दाने केवढा घोटाळा केला पाहा! कुष्ठरोगाची भीती कोडालाही येऊन चिकटली.

आणि खरे तर कुष्ठरोगाला तरी एवढे भ्यायचे कारण काय? त्याचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. आज त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने ते वर्षभर घेतली की तो बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर त्या माणसापासून तो पसरतही नाही. लवकर औषध घेतले तर हातपाय वाकडे होत नाहीत. म्हणून बधिर डाग दिसला तर लपवायचे नाही, दाखवायचे. ३० जानेवारी, महात्मा गांधींची पुण्यतिथी, आपल्या देशात कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. पूर्वी नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग झाला तर दुसऱ्याला त्या कारणावर घटस्फोट मागता येई. २०१९ साली कायद्यातून ते कारण काढून टाकले. औषध कधीच आले होते. कायद्यातून भीती जायला २०१९ उजाडावे लागले.

भीतीवरून बाबा आमटे आठवतात. तुम्हाला ते आनंदवनाचे बाबा म्हणून माहीत आहेत. पण त्यांची भीतीची गोष्ट माहीत आहे का? वरोऱ्याला एकदा पावसात त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पडलेला दिसला. बोटे झडलेली, अंगावर जखमा. बाबा एरवी कोणाला न घाबरणारे. पण त्याला पाहून ते घाबरले आणि घरी निघून आले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची सेवा केली. पुढे १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती निघाली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभे राहिले. मुलांनो, पहिल्यांदा बाबाही पळाले होते. पळून आल्यावर परत गेले, हे महत्त्वाचे. आपल्यालाही काही नवे दिसले की हात मागे जातो. तो मागेच ठेवायचा की पुढे करायचा, एवढे आपल्या हातात असते.

कोडाच्या बाबतीतही असे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी २००१ साली 'श्वेता असोसिएशन' ही संस्था सुरू केली. डाग असलेली माणसे तिथे एकत्र बसून बोलतात. घरी कोणी विचारत नाही ते एकमेकांना विचारतात. संस्थेने वधूवर मेळावेही भरवले, कारण डाग दिसला की जमलेले लग्न मोडते हा अनुभव घरोघरचा. याच संस्थेच्या पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये 'नितळ' हा मराठी चित्रपट केला. त्यात अंगावर कोडाचे डाग असलेली एक तरुण डॉक्टर आहे. तिच्यावर जीव असलेला मुलगा तिला आपल्या घरी घेऊन येतो आणि घरातले एकेक जण आपापल्या परीने तिच्याकडे पाहू लागतात.

मी तो चित्रपट आत्याला दाखवला. अर्धा झाला तशी ती उठली. "मला भाकरी टाकायच्यात," म्हणाली. मला वाटले, तिला आवडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना पाठमोरीच राहून तिने विचारले, "मग पुढं काय झालं गं त्या पोरीचं?" आम्ही उरलेला चित्रपट मिळून पाहिला. काय झाले ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही आई-बाबांबरोबर बसून पाहा.

परदेशातलेही एक उदाहरण सांगते. मायकेल जॅक्सन हा जगप्रसिद्ध अमेरिकन गायक. १९९६ मध्ये त्याचा मुंबईतही कार्यक्रम झाला होता, तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. त्याचा काळा वर्ण पांढरा होत गेला तेव्हा लोक म्हणाले, याला आपल्या रंगाची लाज वाटते, म्हणून हा गोरा होतोय. १९९३ मध्ये त्याने टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितले की मला व्हिटिलिगो आहे. अनेकांनी ते खरे मानले नाही. २५ जून २००९ रोजी तो वारला. नंतरच्या वैद्यकीय तपासणीत तो खरे बोलत होता हे दिसून आले. २०११ पासून २५ जून हा जागतिक व्हिटिलिगो दिन म्हणून पाळतात. एवढे पैसे, एवढे नाव, तरी लोकांनी त्याला त्याच्याच कातडीबद्दल खोटे ठरवले. मग चौथीतल्या मुलीचे काय होत असेल?

आता पुन्हा वर्गात येऊ.

घाटीतून आल्यावर मी मोठ्या उत्साहाने वर्गात तासभर भाषण दिले. रंगपेशी, फौज, सगळे फळ्यावर काढून दाखवले. "समजलं का?" "हो बाऽऽई!" मी खूश. मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिले. साखळी तुटली नव्हती. पण मुलांनी तिचा हात धरला नव्हता, तिची बाही चिमटीत धरली होती.

म्हणजे डोक्याला कळले होते, हाताला नव्हते.

मग मी तिला एकटीला विचारले, "मुलांच्या मनात काय काय प्रश्न आहेत ते आपण विचारू द्यायचे का? तुझी इच्छा असेल तरच. नसेल तर हा विषय मी पुन्हा वर्गात काढणार नाही." तिने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चालेल. पण चिठ्ठ्यांवर. नाव न लिहिता. आणि मला नाही आलं तर उत्तर तुम्ही द्यायचं." आम्ही खडूचा रिकामा डबा ठेवला. सतरा चिठ्ठ्या निघाल्या. काही सांगते.

"दुखतं का?" तिने सांगितले, नाही. खाजतही नाही. फक्त उन्हात लवकर भाजल्यासारखे होते, कारण तिथे रंग नाही ना, आणि रंग म्हणजे कातडीची छत्री.

"तुझ्या लहान भावाला होईल का?" हे मी सांगितले. घरात एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता थोडी जास्त असते, पण बहुतेकांना होत नाही.

"औषधाने जाईल का?" मलमे आहेत, विशिष्ट किरणांचे उपचार आहेत, डाग वाढायचे थांबल्यावर करायच्या शस्त्रक्रियाही आहेत. काहींचा रंग परत येतो, काहींचा थोडा येतो, काहींचा येत नाही. वेळ लागतो.

"माझ्या मामाच्या अंगावर खपल्या आहेत, ते पण हेच का?" नाही. तो सोरायसिस असू शकेल. आपली वरची कातडी साधारण चार आठवड्यांत नवी होते. सोरायसिसमध्ये ती चार-पाच दिवसांतच घाईघाईने नवी होऊ पाहते आणि खपल्या साचतात. तोही शिवल्याने होत नाही. इसब, म्हणजे एक्झिमा, तोही नाही. खरूज आणि गजकर्ण मात्र पसरतात, पण औषधाने बरे होतात. तेव्हा मामांना डॉक्टरांकडे न्यायला सांग.

शेवटची चिठ्ठी होती, "तुला आमचा राग येतो का?"

वर्ग एकदम गप्प. ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिली. मग म्हणाली, "खेळताना नाही येत. खिचडीच्या वेळी येतो."

त्या दिवशी खिचडीच्या वेळी दोन मुली आपली ताटे घेऊन खांबाजवळ जाऊन बसल्या. मी सांगितले नव्हते. सगळा वर्ग गेला असे मात्र नाही. एक मुलगा तर पुढे पंधरा दिवस बाहीच धरत होता. मी त्याला रागावले नाही. बाबा आमट्यांना घरी जाऊन परत यायला वेळ लागला होता, त्याला पंधरा दिवस लागले.

माझे एक काम राहिले होते. मी तिला म्हटले, "स्नेहसंमेलनात मी तुला नाचात घेतलं नाही, ते चुकलं माझं. डागांमुळे घेतलं नाही. माफ कर."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "बाई, मला नाचायचं नव्हतंच. मला ते माईकवर बोलायचं असतं ना, आता पुढचा कार्यक्रम सादर होत आहे, ते करायचं होतं."

पाहिलेत? मी तिला पडद्यामागे ठेवताना विचारले नव्हते आणि माफी मागतानाही, तिला काय हवे होते हे मला ठाऊक नव्हते. तिच्या मनातले सगळे मीच ठरवत होते.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन तिने केले. सरपंचांचे नाव घेताना एकदा अडखळली, मग पुढे गेली. त्या दिवशी तिने पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता. का? थंडी होती म्हणून! उन्हाळ्यातही ती कधी कधी पूर्ण बाह्या घालते, डाग उन्हाने भाजू नयेत म्हणून, आणि डॉक्टरांनीच तसे सांगितले आहे. परीक्षेच्या दिवसांत मात्र वर्गात बसल्यावर तिने बाह्या दुमडल्या. बाही उन्हासाठी असेल तर असू दे. लोकांसाठी नको.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

१. कोणाच्या अंगावर डाग, खपल्या, चट्टे दिसले तर टक लावून पाहायचे नाही आणि मुद्दाम नजरही चोरायची नाही. नेहमीसारखे बोलायचे. "आज गणिताचा गृहपाठ केलास का?" हे सगळ्यात चांगले वाक्य!

२. कुतूहल वाटले तर चारचौघांत विचारायचे नाही. मैत्री झाली, एकटे असलात, तर हळूच विचारा. त्याने "नको" म्हटले तर तिथेच थांबा.

३. 'चितकबरी', 'पांढरी', 'खपल्या' अशी नावे पाडू नका. दुसऱ्याने पाडली तर हसू नका. कोणी हसलेच नाही, तर नाव टिकत नाही.

४. तुमच्याच अंगावर डाग असेल तर ऐका. ही तुमची चूक नाही. तुमच्या आईचीही नाही. रडू येणे, राग येणे, आरशात पाहावेसे न वाटणे, हे होते. ते मनात दाबू नका, एका तरी मोठ्या माणसाला सांगा.

आणि पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. खेळाच्या तासालाच मुलाचे पोट दुखते, फोटो म्हटला की मूल पळते, लग्नाला यायला नको म्हणते, तेव्हा ते कातडीचे नाही, मनाचे सांगत असते. त्याला "त्यात काय एवढं" म्हणू नका आणि त्याच्यादेखत "आता हिचं लग्न कसं व्हायचं" असेही म्हणू नका. दुसरे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे, मुलगी सात वर्षांची असताना. दुकानातून कोणतेही मलम आणून लावू नका. काही मलमांत स्टिरॉइड असते, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावत राहिले तर कातडी पातळ होते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मूल फारच खचलेले वाटले तर मनाच्या डॉक्टरांनाही. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहेच. आणि घरच्या कार्यात त्या मुलाला काय काम हवे आहे ते त्यालाच विचारा. आतलेही चालेल, त्याने मागितले तर.

या वेळचा घरचा अभ्यास : येत्या २५ जूनपर्यंत घरातला एक जुना अल्बम काढा. आजी, आजोबा, काका, मावशी, सगळे त्यात आहेत का पाहा. कोणी एकही फोटोत नसेल तर विचारा, "तेव्हा तू कुठे होतीस?" आणि जे सांगतील ते लिहून काढा.

मी विचारले होते. आत्या म्हणाली, "अगं, पुऱ्या तळत होते." मग थोडे थांबून म्हणाली, "पण साडी नवी नेसले होते हो मी."

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाचे लग्न झाले. फोटोच्या वेळी मी आत्याला विचारले, "येतेस का?" ती म्हणाली, "नको गं, घामाघूम झालेय." मी म्हटले, "बरं." जेवणे झाल्यावर तीच पदर सारखा करत आली आणि म्हणाली, "तो फोटोवाला गेला का?"

गेला नव्हता.

तुमची,
बाई